स्त्री-अभ्यास शिकवताना प्राध्यापिकेनं स्वतःविषयी, जातीविषयी वर्गात किती सांगावं?

सांगावं. पण ‘किती’ हा प्रश्न बाईलाच विचारतात, याचा मला राग येतो. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर ‘मी अनवाणी शाळेत जायचो’ हे दर नव्या बॅचला सांगत. तो संघर्ष! मी आईविषयी बोलले, तेव्हा त्यांनीच स्टाफरूममध्ये सुनावलं, “मॅडम, वर्गात रडगाणं नको, पोरं डोक्यावर बसतील.”

मी सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली या विणकर जातीतली. घरात तेलुगू, आणि अम्मा बिड्या वळायची. असंघटित क्षेत्रातल्या स्त्रिया हा घटक आला, तेव्हा मी भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, पत्र्याचा फर्मा, तंबाखू आणि सूप घेऊन वर्गात गेले. पान फर्म्याच्या मापानं कापलं, चिमूटभर तंबाखू पसरली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा बांधला. मग मजुरीचं सांगितलं. पैसे हजार बिड्यांवर. तपासणारा ज्या खराब म्हणून बाजूला काढी, त्यांचे पैसे नाहीत, बिड्या मात्र तो परत देत नसे. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, असं कापलं तर पान वाया जातं.” पुढं येऊन तिनं कात्रीच घेतली हातातून. पानं कमी पडली की पदरचे पैसे घालून आणावी लागतात, हे वर्गाला तिनं समजावलं. माझ्या नोट्समध्ये ते नव्हतं.

याला रडगाणं म्हणणाऱ्यांनी मुक्ता साळवे वाचावी. फुल्यांच्या शाळेतल्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. स्वतःच्या जातीचं भोगणं हाच तिचा युक्तिवाद आहे, आणि तो कुणाला खोडता येत नाही. आणि सांगायचं तर वरच्या जातीतल्या प्राध्यापिकांनीही आपली जात वर्गात उच्चारावी. आम्ही अनुभव सांगायचे आणि त्यांनी सिद्धान्त शिकवायचा, ही वाटणी मला मान्य नाही.

अर्थात हे मी कायम नोकरीच्या जोरावर लिहितेय. तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकरीत असाल तर जपून. वर्गात कुणाचा तरी मोबाईल चालू असतो, आणि पुढच्या वर्षी न बोलावायला कुणाला कारणही द्यावं लागत नाही. नवरा, घरातली भांडणं मीही वर्गात आणत नाही. आणि मुलींना अनुभव लिहायला लावून त्यावर गुण देऊ नका. तसा प्रश्न ठेवलाच, तर तेवढ्याच गुणांचा दुसरा पर्याय द्या, आणि तो का निवडला हे विचारू नका.