यूएफडब्ल्यू चालू आहे, तरी माझी कथा बाहेर जाते का?

प्रश्न: मी लिनक्स मिंटवर कथा लिहितो आणि नंतर एआयकडून तपासून घेतो. यूएफडब्ल्यू, म्हणजे लिनक्समधलं साधं फायरवॉल, चालू केलंय. तरी मला न विचारता लिखाण कुठे जात असेल का? शिवाय हे एआय माझी भाषाच बदलून टाकतं, त्याचं काय करू? – एक वाचक, मिरज

उत्तर: यूएफडब्ल्यूवर फार विसंबू नका. ते मुळात बाहेरून आत येणाऱ्याला अडवतं, आतून बाहेर जाणाऱ्याला सेटिंग न बदलता काहीच विचारत नाही, आणि विचारायला लावलं तरी त्याला पोर्ट आणि पत्ता कळतो, कुठला प्रोग्रॅम निघालाय ते नाही. तुम्हाला हवंय ते ॲप्लिकेशन फायरवॉल, म्हणजे प्रोग्रॅमगणिक विचारणारं, उदाहरणार्थ ओपनस्निच. मॅकवरच्या लिटल स्निचवरून सुचलेलं, ओपन सोर्स, फुकट. डेबियन १२ च्या रेपोत (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यात) आहे, नाहीतर गिटहबवरून डेब फाइल घ्या. एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा नेटवर जायला निघाला की खिडकी उघडते, त्यात प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ (त्याची फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते), कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर ते सगळं दिसतं, आणि एकदाच की रीबूटपर्यंत की कायमचं ते तुम्ही ठरवायचं. पहिले एकदोन दिवस एवढ्या खिडक्या येतात की वैताग येतो आणि माणूस कशालाही 'कायम अलाऊ' करून मोकळा होतो. नेमकं तेच करू नका, निदान पायथनच्या बाबतीत तरी. एकदा नुसत्या पाथवरून पायथन३ ला मोकळं सोडलं की त्यावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट त्याच परवान्यावर बाहेर पडते. अशा वेळी नियमात पूर्ण कमांड लाइन घाला, म्हणजे कुठली स्क्रिप्ट तेही त्यात येईल.

पण एक लक्षात घ्या, हा सोसायटीचा वॉचमन आहे, कोण कुठे चाललंय ते वहीत लिहील, पिशवी उघडून बघणार नाही. एआय तुम्ही ब्राउझरमध्ये वापरत असाल तर ओपनस्निचला फक्त फायरफॉक्स दिसणार. ग्रामर तपासणारं एखादं एक्स्टेंशन टाकलं असेल तर तेही फायरफॉक्सच्याच नावावर जाणार. आणि कथा तुम्ही स्वतःच तिथे पेस्ट करताय, मग फायरवॉल बिचारं काय करणार!

कथा खरंच बाहेर जाऊ द्यायची नसेल तर ओलामा टाका, म्हणजे एआय मॉडेल आपल्याच संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम, मॉडेल एकदा डाउनलोड करा आणि मग ओपनस्निचमध्ये ओलामाचं बाहेरचं सगळं डिनाय करा. १२७.०.०.१, म्हणजे तुमच्याच संगणकाचा आतला पत्ता, मात्र चालू ठेवा, कारण तुमचं एडिटर त्याच्याशी ११४३४ पोर्टवर तिथेच बोलतं. नावात क्लाउड असलेलं मॉडेल घेऊ नका, ते त्यांच्या सर्व्हरवर चालतं. गूगलच्या जेम्मा ३ चं ४बी (४ अब्ज पॅरामीटरचं) मॉडेल साधारण ३ जीबीचं आहे, ८ जीबी रॅमवर चालतं, पण एवढ्या छोट्या मॉडेलचं मराठी यथातथाच, मधेच हिंदी वळणाची वाक्यं टाकतं.

भाषेचं म्हणाल तर दोष बराचसा आपल्या सांगण्याचा. 'सुधारून दे' म्हटलं की ते 'केलं'चं 'केले' करतं, आजीच्या तोंडी 'तथापि' घालतं, आणि सांगली-मिरजेकडचं 'काय करायलाईस' पुसून टाकतं. म्हणून पूर्ण परिच्छेद परत मागूच नका. 'काही बदलू नकोस, फक्त चुकलेले शब्द आणि बरोबर रूप यांची यादी दे, संवादांना हात लावू नकोस' असं सांगा, आणि यादीतला एकेक शब्द स्वतः बघून फाइलमध्ये बदला. यादीतही ते बरोबर शब्दाला चूक म्हणतं कधीकधी, ऱ्हस्व-दीर्घात तर हमखास, तेव्हा शेजारी शुद्धलेखनाचा कोश असू द्या.