चार भाषांत रॉक गाणी लिहून करिअर होतं का, की एकच भाषा धरावी?

"एकच भाषा धर" असं तुला ज्याने सांगितलं त्याने स्वतः गाणं लिहिलेलं नसणार, किंवा लिहिलं असेल तर फक्त विकायला लिहिलं असणार. तू म्हणतोयस की तू इंदूरचा, बावीस वर्षांचा, घरात मराठी, बाहेर हिंदी, कॉलेजात इंग्रजी आणि मनू चाओ हा अनेक भाषांत गाणारा गायक ऐकून ऐकून थोडं स्पॅनिश शिकलास, आता या सगळ्यात मिळून रॉक गाणी करायची आहेत आणि जो तो विचारतोय की ऑडियन्स कोण. मी बडोद्याची, गाते आणि गाणं शिकवते, तुझ्या आईच्या वयाची असेन म्हणून सरळ तू म्हणतेय.

मनू चाओ माझाही आवडता आहे, पण त्याच्याकडून लोक नको ती गोष्ट उचलतात. त्यांना वाटतं त्याने भाषा गोळा केल्या. तो 1961 चा, जन्म पॅरिसचा, वडील स्पेनमधल्या गॅलिसियाचे, आई तिथलीच बास्क, म्हणजे घरात स्पॅनिश आणि रस्त्यावर फ्रेंच हे त्याला जन्मापासूनच होतं. मानो नेग्रा हा त्याचा बँड 1987 चा, त्यात सख्खा भाऊ आणि मावस-चुलत कोणीतरी भाऊसुद्धा, पंक, स्का, रेगे, अरबी सुरावट सगळं एकत्र. 1992 मध्ये हे लोक बोटीने दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांमध्ये गात फिरले, पुढच्या वर्षी कोलंबियात आगगाडी घेऊन गेले, अशा गावांत जिथे गाडी येणंच बंद झालं होतं, आणि त्या प्रवासात बँड जवळजवळ फुटला. मग तो एकटाच छोटं रेकॉर्डिंगचं सामान घेऊन भटकत राहिला आणि त्यातून 1998 चा क्लांदेस्तिनो हा अल्बम आला. त्यात बोंगो बोंग इंग्रजीत आहे आणि ते संपतं न संपतं तोच त्याच म्युझिकवर पुढचं गाणं फ्रेंचमध्ये सुरू होतं. नीट ऐक ते. फ्रेंच गाणं इंग्रजीचं भाषांतर नाहीये, विषयच वेगळा आहे. आमच्या घरात या गोष्टीवरून वीसेक वर्षं भांडण चालू आहे म्हणून सांगतेय.

झालं असं की माझा मोठा भाऊ गिटार वाजवायचा, मी गायचे, दांडिया बाजारातलं आमचं घर, आणि 2003 च्या आसपास आम्ही एक गाणं केलं होतं आमच्या आजीवर. आजी रोज सकाळी ओट्यावर बसून भाजीवाल्याशी भांडायची. आजी मराठीत, तो गुजरातीत, दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं आणि दोघंही आपली भाषा सोडायचे नाहीत. आजी म्हणणार ही मेथी आहे का गवत, तो म्हणणार लई जाव ने बा, तमारी पासेथी शुं कमावानुं (घेऊन जा ना आजी, तुमच्याकडून काय कमवायचं). तेच गाण्यात घेतलं. आजीचं कडवं जात्यावरच्या ओवीच्या अंगाने, भाजीवाल्याचं कडवं गरब्याच्या चालीवर, आणि मुखडा दोन पॉवर कॉर्डवर, डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका आवाज, फुल. खाली हींच, गरब्याचा सहा मात्रांचा ताल. रॉकवाल्यांना हा सहाचा हिशोब परका नाही, पण ढोल आणि बेस गिटार एकाच जागी घुमतात आणि सगळा चिखल होतो, तर आम्ही काय केलं, बेसवाल्याने समेवर वाजवायचंच नाही, ती जागा ढोलवाल्याची, बेस त्याच्या मागून येणार, आणि दादा तारांवर तळहात दाबून कट कट वाजवणार म्हणजे ढोलच्या काठीचा आवाज मोकळा राहतो. हे बसवायला आम्हाला सगळा पावसाळा लागला. लोकांना वाटतं फ्यूजन म्हणजे सगळ्यांनी एकदम वाजवायचं. कोणी कुठे गप्प बसायचं हे ठरलं की निम्मं काम झालं.

डेमोची सीडी घेऊन मुंबईला गेलो. कंपनीचं नाव घेत नाही. तिथल्या माणसाने पूर्ण ऐकलं, हे मान्य करते, आणि म्हणाला चाल एकदम मस्त आहे, गुजराती कडवं काढा, तिथे हिंदी टाका, मराठी मुखडा हुक म्हणून राहू दे, दोन मार्केट मिळतील. मी म्हटलं मग भाजीवाला हिंदी का बोलेल, बडोद्याच्या भाजीवाल्याला काय गरज पडलीय आजीशी हिंदी बोलायची. तो म्हणाला ताई एवढं कोण ऐकतं. आणि दादा मान हलवत होता! परतीच्या गाडीत बोरिवलीपासून भांडायला लागलो ते भरूचपर्यंत, समोरच्या सीटवरच्या काकूंनी मध्ये पडून ठेपले दिले तेव्हा थांबलो. दादाचं म्हणणं, आधी आत शिरू, नाव झालं की मग हवं ते गाऊ. माझं म्हणणं, कडवं काढलं की ते आजीचं गाणंच उरत नाही, ती कोणाशी भांडतेय मग?

मी नाही म्हटलं. दादाने दुसऱ्या एका मुलीच्या आवाजात हिंदी कडवं रेकॉर्ड केलं. शब्द वाईट नव्हते, पण गरब्याच्या चालीत गुजरातीची जी ये-जा आहे ती हिंदीला येईना, प्रत्येक ओळ शेवटी दोन अक्षरं उरायची आणि ती मुलगी ती कशीतरी कोंबायची. कंपनीने ते कधी काढलंच नाही.

आणि आमचं मूळ गाणं? त्याच वर्षी नवरात्रात शेरीच्या, म्हणजे गल्लीच्या, गरब्यात गायलो. मंडळाचे काका घाबरले होते, म्हणाले माताजीचं चालू असताना हे काय, म्हणून आरती झाल्यावर अगदी शेवटी दिलं. पहिल्या कडव्याला लोक नुसते उभे. मराठी घरातल्या बायका हसायला लागल्या कारण प्रत्येकीच्या घरी अशी एक आजी होती. मग भाजीवाल्याचं कडवं आलं आणि गुजराती बायका हसायला लागल्या, आणि टाळी पडली, हींचवर गरबा करणाऱ्यांना कोणी शिकवावं लागत नाही, गोल आपोआप सुरू झाला. ज्या मुलांना मराठीचं अक्षर येत नव्हतं ती मुखडा ओरडत होती. अजूनही नवरात्रात कोणी ना कोणी येऊन म्हणतं बेन, पेलुं मेथीवाळुं गाओ ने (ताई, ते मेथीवालं गा ना). दादा अजूनही म्हणतो की हिंदी केलं असतं तर आज बंगला असता. बांधला नाही ना बंगला हिंदी करून.

माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. भाषा ज्याच्या तोंडची असेल त्यालाच द्यायची. गाण्यात स्पॅनिश बोलणारं माणूस कोण आहे? कोणी असेल, तू कोणाच्या प्रेमात असशील, कुठे राहून आला असशील, तर बिनधास्त लिही. नुसतं कानाला छान लागतं म्हणून चार ओळी टाकल्यास तर ते पंधरा मिनिटांत जुनं होणार, आणि ज्याला खरंच स्पॅनिश येतं त्याला पहिल्या ओळीत कळणार. उलट तुझ्याकडे काय पडलंय ते बघ ना. इंदुरी हिंदी, होळकरांच्या काळापासूनचं मराठी, माळवी. तुझ्यापासून तासाभरावर देवासला कुमार गंधर्व राहिले, घरची भाषा कन्नड, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे, 1948 मध्ये क्षयामुळे देवासला आले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले, पुढे त्या धुनांमधून राग बांधले. वर्ल्ड म्युझिकचा याहून मोठा क्लास तुला कुठल्या ऑनलाइन कोर्समध्ये मिळणार?

आणि रॉकमध्ये हे आपल्याकडे झालेलं आहे. इंडियन ओशन हा बँड घे, 2000 सालच्या कंदिसा या अल्बममध्ये केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामाइक या जुन्या भाषेतली प्रार्थना आहे आणि त्याच अल्बममध्ये नर्मदेचं मा रेवा आहे. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना अरामाइक येतं? तरी कॉलेजच्या कॉलेज ते गात होती.

जे म्हणतात मिसळ-भाषा मराठीपणाला मारक, त्यांच्याशीही माझं जुनं वैर आहे. बडोद्याच्या मराठीला पुण्याच्या पाहुण्यांनी नाकं मुरडलेली लहानपणापासून बघतेय. अरे, नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. तंजावरच्या शहाजीराजांनी पाच भाषांत एक नाटक लिहिलं. सयाजीरावांची पहिली राणी तंजावरची, तिच्याबरोबर तिकडचं नाच-गाणं बडोद्याला आलं, आणि 1886 मध्ये इथे संगीत शाळा निघाली ती मौलाबक्षांच्या हाताखाली, जे स्वतः दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत शिकून आले होते. त्यांचा नातू इनायत खान 1910 मध्ये थेट अमेरिकेला गेला गायला. माझं शिक्षण त्याच शाळेच्या पुढे झालेल्या कॉलेजातलं, त्यामुळे मला शुद्धता कोणी शिकवू नये.

आता पैशाचं, कारण तू तेही विचारलंयस आणि मी इतका वेळ टाळतेय. स्ट्रीमिंगवर घर चालत नाही, कोणाचंच, थोडे सोडून. माझं घर नवरात्रावर, गणपतीवर, लग्नाच्या संगीतांवर आणि शाळेतल्या नोकरीवर चाललं, नोकरी सोडली असती तर हे सगळं तत्त्वज्ञान मला परवडलं असतं का ते सांगता येत नाही. दादाचंही एक बरोबर आहे, रेडिओवाले, प्लेलिस्टवाले, स्पर्धांवाले सगळ्यांचे कप्पे एका भाषेचे असतात, गाणं अपलोड करतानाही फॉर्मवर भाषा विचारतात आणि एकच निवडावी लागते. तिथे ज्या भाषेत मुखडा आहे ती टाक आणि पुढे जा, त्यावर रात्र घालवू नकोस. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचं सभासदत्व मात्र घे, 2012 च्या कायद्यातल्या बदलानंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क कोणी लिहून घेऊ शकत नाही, पण नाव नोंदलेलंच नसेल तर पैसे तुझ्यापर्यंत येणार कसे. आणि बँडमध्ये भाऊ असो की जिवलग मित्र, शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे कागदावर लिहून सह्या घ्या. आमच्यात चाल कोणाची यावर आजही दोन मतं आहेत, आणि दादा हे वाचणार आहे, तर मुखडा तुझा, ओवी माझी, भाजीवाल्याचं कडवं दोघांचं, एवढं मी इथे जाहीर लिहून देते.

मुंबईला शिफ्ट व्हावं का याचं मला खरंच माहीत नाही, मी गेले नाही. डेमो असेल तर कमेंटमध्ये टाक, ऐकेन आणि जे वाटेल ते सांगेन. स्पॅनिशवाला नको, इंदुरी हिंदी आणि मराठीवाला टाक.