अ‍ॅक्टिव्हावरचा शॉट आणि वाफाळता कप

अगं,

रात्री अडीचचा तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, आणि मागे कुणीतरी "मग तूच कर सगळं एडिट" म्हणून ओरडतंय तेही ऐकलं. हसू आलं, सॉरी. तुमच्या थ्रिलर शॉर्ट फिल्मचा कट, म्हणजे एडिट करून जोडलेली फिल्म, पण बघितला, दोनदा, त्यातला एकदा आवाज बंद करून. कॉलेजने 2 मिनिटं दिलीयेत, तुमचा झालाय 3 मिनिटं 40 सेकंद, आणि हे जास्तीचे 100 सेकंद कुणाकुणाचे आहेत ते मी इथे अंधेरीत बसून सांगू शकते. अ‍ॅक्टिव्हावर उलटं बसून घेतलेला 18 सेकंदांचा शॉट कॅमेरावाल्याचा. भिंतीवरच्या जुन्या फोटोंवरून सावकाश फिरणारा कॅमेरा, तो आर्ट करणारीचा, तिने ते फोटो दहा घरं फिरून मागून आणले असणार. आणि तो आईचा फोन, ज्यात हिरॉइन तिची अख्खी फॅमिली हिस्टरी सांगते, तो लिहिणाऱ्याचा. प्रत्येकाने आपापलं बाळ मांडीवर घेतलंय आणि खाली ठेवायला कुणी तयार नाही.

पण तुमचं खरं भांडण लांबीवरून नाहीचे. तुमच्या कटमध्ये पन्नासाव्या सेकंदाला आपल्याला घरातल्या पडद्यामागे लपलेल्या माणसाच्या चपला खाली दिसतात, मग पोरगी जिना चढते, पर्समध्ये किल्ली शोधते, बाहेरून लावलेलं कुलूप उघडते, आत येते आणि टेबलावर चहाचा कप, त्यातून वाफ येतेय. बंद घरात गरम चहा. वाचतानाच काटा आला असता मला, पण बघताना काहीच झालं नाही, कारण आत कुणीतरी आहे हे मला चपलांनी आधीच सांगून टाकलेलं, मग वाफेत नवीन काय?

म्हणजे आधी हे ठरवा की प्रेक्षक त्या पोरीच्या पुढे आहे की तिच्यासोबत. पुढे असेल तर चपला ठेवा, मग किल्ली शोधण्याचा शॉट जितका लांबेल तितका चांगला, कारण तिला माहीत नाही आणि आपल्याला माहितीये, आपण मनातल्या मनात ओरडतोय की नको उघडू. सस्पेन्स फिल्म्सचा दिग्दर्शक हिचकॉक याच बाजूचा होता, प्रेक्षकाला आधी सांगा आणि मग ताटकळत ठेवा. सोबत असेल तर चपला काढा, किल्ली पटकन सापडू दे, आणि कपावर आल्यावर मात्र कट करू नका, वाफ दिसेपर्यंत थांबा. दोन्ही चालतं. तुमच्यातल्या तिघांनी एक सिनेमा कापलाय आणि दोघांनी दुसरा, म्हणून रोज रात्री भांडणं. मला विचारशील तर चपला काढ. 2 मिनिटांत त्या पोरीबद्दल आपल्याला जीव लागायला वेळच नाही, तिच्यासाठी घाबरणार कसं? आणि वाफ ही एकच गोष्ट तुमची स्वतःची आहे, पडद्याखालच्या चपला लहानपणापासून बघत आलोय.

आता माऊस कुणी धरायचा. तू म्हणालीस की शूटच्या रात्री तू तापाने घरी पडून होतीस त्यामुळे तुला बोलायचा हक्क नाही असं वाटतं. अगं उलट आहे! अ‍ॅक्टिव्हावरून तो मुलगा पडता पडता वाचला हे तुला माहीत नाही, त्या रात्री किती थंडी होती हे माहीत नाही, तुला फक्त दिसतंय की 18 सेकंद रस्ता जातोय. प्रेक्षकालाही तेवढंच दिसणारे. तू बस मशीनवर. बाकीच्यांनी मागे बसून वहीत लिहायचं, कट चालू असताना कुणी बोलायचं नाही, आणि "हा शॉट काढू नको" असं न म्हणता "इथे मला अमुक कळलं नाही" असं म्हणायचं. दोन मतं पडली तर वाद नको, दोन पूर्ण व्हर्जन बनवा आणि हॉस्टेलमधल्या ज्याला स्टोरी माहीत नाही अशाला दाखवा. त्याला आवडलं का विचारू नका, भारीये म्हणेल. काय झालं ते सांग म्हणा. आणि त्याने फोनकडे कितव्या सेकंदाला बघितलं ते गुपचूप लिहून ठेवा.

आमच्या पहिल्या फिल्मला आम्ही चौघांनी चार लॅपटॉपवर चार तुकडे कापले आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जोडायला बसलो, तर अर्ध्या टाइमलाइनवर लाल लाल मीडिया ऑफलाइन, कारण पेनड्राइव्हवर नुसती प्रोजेक्ट फाइल आलेली, फुटेज दुसऱ्याच्या घरी, आणि तो गावाला. सगळं एका हार्ड डिस्कवर ठेवा, तिची एक कॉपी दुसऱ्या घरात. फोनवर घेतलेले शॉट्स आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमधून 25 च्या कॉन्स्टंट फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला कायम 25 फ्रेम, असे काढून घे, नाहीतर ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. आणि तो ट्यूबलाइटचा फ्लिकर "थ्रिलर आहे, चालतंय" म्हणून सोडलात ना? नाही चालत. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झ, पुढच्या वेळी कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंदावर ठेवायला सांग कॅमेरावाल्याला.

आकाशकंदिलाचं बघ. पहिल्या दिवशीच्या शूटमध्ये वाड्यात कंदील नाहीत, दुसऱ्या दिवशी सगळीकडे आहेत, आणि त्यावरून तुम्ही परत शूट करायला निघालात. हिचकॉकच्याच 1960 च्या 'सायको' या सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर शुक्रवार, 11 डिसेंबर अशी तारीख येते, ती म्हणे यासाठी की फीनिक्सच्या रस्त्यांवरच्या शॉट्समध्ये ख्रिसमसची सजावट दिसत होती. तुम्हाला तर तारीखही नको. कंदील नसलेला एकच शॉट आहे, दिंडी दरवाजाचा, तो काढ. मग अख्खा वाडा उजळलेला आणि हिच्याच दारात अंधार, हे फुकटात मिळतंय! आणि ती आधी पाचव्या पायरीवर आणि पुढच्या शॉटला एकदम वर कशी, यावर तासभर घालवू नका. वॉल्टर मर्च या हॉलिवूडच्या एडिटरने चांगल्या कटचे 100 पैकी मार्क वाटलेत, भावनेला 51, गोष्टीला 23, लयीला 10, आणि कोण कुठे उभंय याला सगळ्यात शेवटी 4.

म्युझिक सगळं उडव, आत्ताच. ती हृदयाची धडधड तर पहिली. कट मुका असताना चालला पाहिजे, मग आवाज. जिन्यात कुलपाचा आवाज आधी येऊ दे, चित्र नंतर. आत गेल्यावर नुसता पंखा, त्या खोलीचा 30 सेकंदांचा रिकामा आवाज रेकॉर्ड केलाय ना, नसेल तर उद्या जाऊन आण, आणि जाताना बघ शेजारचा कुकर लागलेला नाही. आईचा फोन ठेवायचाच असेल तर "पोचलीस का?" एवढंच ठेव, आणि उत्तर द्यायच्या आत तिला कप दिसू दे. लिहिणारा चिडेल. चिडू दे, चहा पाज त्याला.

अ‍ॅक्टिव्हाच्या शॉटमधले शेवटचे 3 सेकंद छान आहेत हं, गाडी वळते आणि तिचा चेहरा अंधारात जातो तिथले. ते घे, कॅमेरावाल्याला सांग ताईंनी निवडलेत.

पुढचा कट व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, व्हिडिओ म्हणून नको, अंधाराचा चिखल होतो. फाइलच्या नावात तारीख टाक, "फायनल फायनल 2" नको. गुरुवारी रात्री दहानंतर मी मोकळी आहे.

ताई