नवा जॅझ अल्बम ऐकताना

दर शुक्रवारी येणारे सगळे नवे जॅझ अल्बम ऐकायला जाऊ नकोस, दमशील. एकच अल्बम घे आणि आठवडाभर तोच ऐक. माझं ऐकशील तर विजय अय्यरच्या त्रिकुटाचा, ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने २०२४ मध्ये काढलेला 'कम्पॅशन' घे. पियानो अय्यरचा, बास (खर्जातलं तंतुवाद्य) लिंडा मे हान ओ हिचा, ड्रम्स टायशॉन सोरीचे. पहिल्यांदा नुसतं ऐक. दुसऱ्यांदा कान फक्त बासवर ठेव. मोबाईलच्या स्पीकरवर तो हरवतो, हेडफोन हवेतच. त्यातलं 'ओव्हरजॉइड' मूळ गायक स्टीव्ही वंडरचं. आधी त्याचं गाणं ऐक, मग हे. ओळखीची चाल कुठे सुटते, कुठे परत हाताला लागते, हे कळायला लागलं की जो आनंद होतो ना! आणि वादकांची नावं वाचत जा. सोरी आवडला तर पुढचा अल्बम त्याच्या नावावरून शोध.