लाल शाई उचलण्याआधी

मालवण

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. निबंधात ‘मी घराक गेलंय’ लिहिणाऱ्या पोराला चूक द्यायची की नाही, यावरून शिक्षकखोलीत तुझी खडाजंगी झाली म्हणे. चूक देऊ नये, या तुझ्या बाजूने मी आहे, पण पूर्ण नाही.

आधी त्या ‘क’कडे बघ. माका, तुका, बाजाराक, आवशीक (आईला). ‘आवस’चं ‘आवशी’ झाल्यावरच पोर ‘क’ लावतं. ‘बाजारक’ म्हणालं तर आजीच त्याला टोकेल. म्हणजे मालवणीतही चूक-बरोबर आहे. ‘बोलीत काहीही चालतं’ असं तू वादात म्हणालीस, ते सोडून दे. बोलीचं वर्णन करणाऱ्यालाही काय बोललं जात नाही हे सांगावंच लागतं.

हा वाद जुना आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या त्या जुन्या ग्रंथात, एक वैयाकरण विचारतो, ‘या रथाचा प्रवेता (हाकणारा) कोण?’ सारथी त्याच अर्थाचा वेगळा शब्द वापरून म्हणतो, ‘मी प्राजिता.’ वैयाकरण त्या रूपाला अपशब्द, म्हणजे चुकीचा शब्द ठरवतो. सारथी सुनावतो, की व्याकरणाच्या सूत्रानं काय प्राप्त होतं एवढंच तुम्हाला कळतं, इष्ट काय ते कळत नाही. आणि पतंजली सारथ्याचं रूप मान्य करतो!

आपल्याकडचंही बघ. ज्यांचा स्पष्ट उच्चार होत नाही ते व्युत्पत्तीचे (शब्दाच्या मुळावरून आलेले) अनुस्वार देऊ नयेत, असं १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ठरवलं. नांव, पांच, कांहीं यांवरची टिंबं गेली. नियम उच्चारावरच बेतला होता. पण कुणाच्या? आपल्या किनाऱ्यावर ‘पांच’ अजून नाकातून येतो. तरी मी तो नियम पाळतो आणि तूही पाळ, कारण सगळ्यांना एकच लेखन वाचता यावं ही गरज खरी आहे. फक्त मुलांना तो करार म्हणून सांग, निसर्गनियम म्हणून नको.

तुझ्या वर्गातल्या त्या पोराला उद्या तलाठ्याकडे अर्ज लिहायचाय, परीक्षा द्यायचीय. त्याला प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, आणि खरी अडचण इथेच आहे. त्याच्या एका ‘क’ची प्रमाण मराठीत वेगवेगळी रूपं होतात: माका – मला, बाजाराक – बाजारात, घराक – घरी. नुसती लाल रेघ मारलीस तर ते पुढच्या वेळी ‘घराला गेलो’ लिहील, आणि तेही चूक ठरेल. आणि का, ते बिचाऱ्याला कळणारही नाही! ज्या शिक्षकाला ‘क’चं काम माहीत नाही, त्याला ही चूक सुधारता येत नाही.

म्हणून वही कर. पालक घ्यायला येतात तेव्हा फाटकापाशी ऐक, बंदरावर लिलावात ऐक. कुणाला ‘हे मालवणीत सांगा’ म्हणू नकोस, माणसं लगेच सावरून बोलतात. वाक्य पुरं टिप, सुधारू नकोस, बोलणाऱ्याचं गाव आणि अंदाजे वय शेजारी लिही. ‘क’ची वाक्यं बरीच जमली की वही घेऊन ये, चौथीच्या वर्गासाठी तक्ता आपण मिळून करू.

तुझा,
सर