बटाट्याचं बेणं लावण्याआधी

भाऊ, शीतगृहातून आणलेलं बेणं लगेच मातीत घालू नका. ८-१० दिवस सावलीत, पण उजेडात, एका थरात पसरून ठेवा. अंधारात कोंब लांब, पांढरे निघतात अन् लावताना मोडतात. आखूड, जाड, हिरवट कोंबच हवेत. लवकर येणारा कुफ्री पुखराज हा वाण घ्या. लहान बटाटा अख्खा लावा. मोठा कापला तर फोडीला २-३ डोळे ठेवा, काप सुकू द्या.

ऑक्टोबरच्या उन्हात मात्र घाई नकोच! रात्री गार झाल्या की लावा, नाहीतर नुसता पाला माजतो, बटाटा धरत नाही. आपली काळी माती पाणी धरते, म्हणून वरंब्यावरच लावा. महिन्याभरात मातीची भर द्या. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो, तो खाऊ नये.