एचआयव्ही शरीरात असूनही माणूस वर्षानुवर्षे ठणठणीत कसा राहतो, आणि मग प्रतिकारशक्ती ढासळते कशी?

तुमच्या धाकट्या भावाचा एचआयव्हीचा अहवाल पॉझिटिव्ह आला आहे, पण त्याला कसलाही त्रास होत नाही. अशा वेळी त्याला एड्स झाला असे समजायचे का, हा विषाणू प्रतिकारशक्तीचे नेमके काय बिघडवतो, आणि प्रकृती उत्तम असताना डॉक्टर औषधे लगेच सुरू करायला का सांगतात, असे तुम्ही विचारले आहे. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि सीडी४ पेशींची, म्हणजे रक्तातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, मोजणी हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. औषधे ठरवणे हे डॉक्टरांचे काम. परंतु या विषाणूने केलेले नुकसान आम्हाला आकड्यांत आणि यंत्राच्या पडद्यावर दिसत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की पॉझिटिव्ह अहवालाचा अर्थ एड्स झाला असा होत नाही. एचआयव्ही हा विषाणू आहे, तर एड्स ही त्या विषाणूने उपचारांविना दीर्घकाळ शरीर पोखरल्यानंतर येणारी शेवटची अवस्था आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली, किंवा प्रतिकारशक्ती खचल्याशिवाय सहसा होत नाहीत असे ठरावीक गंभीर आजार जडले, तर त्या अवस्थेला एड्स म्हणतात. उपचार न घेतल्यास संसर्गापासून तिथवर पोहोचायला बहुतेकांना आठ ते दहा वर्षे लागतात, आणि वेळेवर उपचार सुरू करून ते नियमित घेणारे बहुतेक जण तिथवर कधी पोहोचतच नाहीत. भावाचा अहवाल एवढेच सांगतो की विषाणूचा संसर्ग झालेला आहे. नुकसान किती झाले आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. सीडी४ हे काही पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचे नाव आहे, आणि ते प्रथिन बाळगणाऱ्या मदतनीस टी पेशींना आम्ही बोलताना सरळ सीडी४ पेशी म्हणतो. या पेशी स्वतः जंतू गिळत नाहीत आणि प्रतिपिंडेही तयार करत नाहीत. त्यांचे काम बांधकामावरच्या मुकादमासारखे आहे, जो स्वतः वीट उचलत नाही, पण तो नसला की गवंडी, सुतार आणि मजूर हजर असूनही काम अडते. शरीरात शिरलेला जंतू एखाद्या भक्षक पेशीने गिळला की ती त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. तो तुकडा ओळखणारी सीडी४ पेशी जागी होते, तिच्यापासून तशाच असंख्य पेशी तयार होतात आणि त्या रासायनिक संदेश सोडू लागतात. त्या संदेशांमुळेच बी पेशी नेमकी आणि टिकाऊ प्रतिपिंडे बनवतात, बाधित पेशींना मारणाऱ्या सीडी८ पेशींना बळ मिळते, आणि क्षयाचा जंतू पोटात घेऊन बसलेल्या भक्षक पेशींना तो जंतू आतल्या आत मारण्याची ताकद येते. एचआयव्ही नेमक्या याच पेशींमध्ये शिरतो. त्यामुळे एका प्रकारच्या पेशी कमी झाल्या, तरी तोटा साऱ्या यंत्रणेचा होतो.

तो आत कसा शिरतो हेही पाहण्यासारखे आहे, कारण आजची बहुतेक औषधे याच वाटेवर अडसर घालतात. मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढ्या या विषाणूच्या आवरणावर जीपी१२० नावाचे प्रथिन असते. ते आधी सीडी४ प्रथिनाला आणि मग सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी एका दुसऱ्या प्रथिनाला चिकटते, त्यानंतर विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जाते आणि आतला ऐवज पेशीत उतरतो. या विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनएच्या रूपात असते. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाचे त्याचे विकर (एन्झाइम) तिचे डीएनएत रूपांतर करते आणि इंटिग्रेज नावाचे दुसरे विकर तो डीएनए थेट पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडून टाकते. यापुढे ती पेशी जिवंत असेपर्यंत विषाणूचे जनुक तिचाच भाग बनलेले असते. पेशी जेव्हा कामासाठी जागी होते तेव्हा ती विषाणूचे सुटे भागही तयार करू लागते, आणि प्रोटीएज हे तिसरे विकर त्या भागांची योग्य काटछाट करून नवे विषाणू संसर्गक्षम बनवते. थोडक्यात, जंतूशी लढण्यासाठी सज्ज झालेली पेशी विषाणूला सर्वांत जास्त उपयोगी पडते. या आजाराचे सारे दुष्टचक्र यातच आहे.

संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणे असा त्रास होतो, पण साध्या विषाणूजन्य तापासारखाच तो आपोआप बरा होत असल्याने त्याची कोणी फारशी दखल घेत नाही. या काळात रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूंची संख्या लाखांच्या घरात, कधी त्याहूनही वर जाते, आणि आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशींचा फार मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच नष्ट होतो. पुढे सीडी८ पेशी आणि प्रतिपिंडे विषाणूला बऱ्याच अंशी आवर घालतात, रक्तातला आकडा खाली येतो, ताप जातो, आणि माणूस पुन्हा पूर्वीसारखा कामाला लागतो. आतड्याच्या अस्तराला झालेली इजा मात्र पुरती भरून येत नाही. तिथून जिवाणूंचे घटक रक्तात झिरपत राहतात आणि प्रतिकारयंत्रणा सतत चेतवलेली राहते.

तुमचा भाऊ बहुधा यानंतरच्या टप्प्यात असावा, आणि याच टप्प्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. त्रास नाही म्हणजे विषाणू निपचित पडून आहे, असे बहुतेकांना वाटते. एके काळी संशोधकांचीही समजूत बरीचशी तशीच होती. १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या संशोधक गटांनी नवी औषधे दिल्यावर रक्तातील विषाणू किती वेगाने कमी होतो हे मोजले, आणि त्यावरून उलट चित्र समोर आले. लक्षणे नसतानाही शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होत असतात, त्यांतला प्रत्येक रक्तात जेमतेम काही तास टिकतो, विषाणू निर्माण करणारी पेशी सरासरी दोनेक दिवसांत मरते, आणि शरीर तितक्याच नेटाने नव्या पेशी तयार करून तूट भरून काढत राहते. बाहेरून दिसणारे स्वास्थ्य म्हणजे या जमाखर्चाचा कसाबसा राखलेला मेळ असतो. मला स्वतःला या आजाराबद्दलची हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नव्याने निदान झालेल्या प्रत्येक माणसाला ती पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवी असे माझे मत आहे.

हा मेळ हळूहळू बिघडतो, आणि त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. ज्यांच्यात विषाणू शिरतो पण त्याचे काम अर्धवट राहते अशा पेशीही मोठ्या संख्येने मरतात. मरताना त्या दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात, त्या दाहाकडे आणखी सीडी४ पेशी ओढल्या जातात आणि त्याही बळी पडतात. लसीका ग्रंथींमध्ये या पेशी जिथे वाढतात त्या जाळीदार ऊतीत हळूहळू व्रण साचतात, त्यामुळे नव्या पेशींना टिकाव धरणे अवघड होते. वर्षानुवर्षे चेतवलेली राहिलेली यंत्रणा थकते, ती वेगळीच.

आमच्याकडे हे कसे दिसते ते सांगते. जांभळ्या झाकणाच्या नळीतले थोडेसे रक्त घेऊन त्यात चमकणारी रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे मिसळतात. ती ठरावीक प्रथिने असलेल्या पेशींनाच चिकटतात. मग यंत्रात पेशी एकामागून एक लेसरच्या झोतासमोरून जातात आणि प्रत्येक पेशी पडद्यावर एक ठिपका होऊन उमटते. निरोगी माणसाच्या नमुन्यात सीडी४ पेशींचा पुंजका दाट असतो आणि सीडी८ पेशींचा सहसा त्याहून विरळ. एचआयव्हीत हे प्रमाण बहुधा उलटते, आणि आजार फार पुढे गेलेला असेल तर जिथे दाट पुंजका दिसायला हवा तिथे ठिपके मोजके, विखुरलेले असतात. असा नमुना ज्याचा असतो, तो माणूस अनेकदा स्वतःच्या पायांनी चालत येऊन रक्त देऊन गेलेला असतो. म्हणून मला बरे वाटते आहे, या एका गोष्टीवरून प्रतिकारशक्तीचा अंदाज बांधू नये, हे मी आग्रहाने सांगते. त्याचबरोबर सीडी४ च्या एका आकड्याने घाबरूनही जाऊ नये. साधा ताप, सर्दी, इतकेच काय, दिवसाच्या कुठल्या वेळी रक्त घेतले यानेही हा आकडा बराच खालीवर होतो, त्यामुळे पाहायचा तो त्याचा लागोपाठच्या अहवालांतला कल.

सीडी४ पेशी कमी होत गेल्या की एरवी आपल्याला काहीही न करणारे जंतू डोके वर काढतात. क्षय यात सर्वांत पुढे आहे. तो सीडी४ चा आकडा चांगला असतानाही होऊ शकतो आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूचे जगभरातील सर्वांत मोठे कारण तोच आहे. आकडा २०० च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया, १०० च्या खाली टॉक्सोप्लाझ्माचा मेंदूतील संसर्ग आणि क्रिप्टोकॉकसमुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह, तर ५० च्या खाली डोळ्याच्या पडद्याला इजा करणारा सायटोमेगॅलो विषाणू यांचा धोका वाढतो. न्यूमोसिस्टिसचा संपर्क बहुतेकांना लहानपणीच येऊन गेलेला असतो आणि त्याने काही बिघडत नाही. म्हणूनच लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना त्याचा न्यूमोनिया झाल्याची नोंद ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा काहीतरी विपरीत घडत असल्याचे डॉक्टरांना कळून चुकले. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद ठरली. विषाणू सापडला तो १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, आणि त्या शोधासाठी फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्युक माँतान्ये यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधे लगेच सुरू करण्याचे कारण या साऱ्यात आलेच आहे. विषाणूची आपली प्रत काढताना वारंवार चूक होते आणि ती तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते, त्यामुळे सतत नवनवे प्रकार निर्माण होतात. १९८७ मध्ये आलेले एझेडटी हे औषध एकटे दिल्यास विषाणू काही काळाने त्याला दाद देईनासा व्हायचा, ते यामुळेच. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. एकाच वेळी सर्वांना चुकवणारा प्रकार निर्माण होणे फार दुर्मीळ असल्याने विषाणूची वाढ थांबते, आणि आज हे मिश्रण बहुतेकांना दिवसाला एका गोळीतून मिळते. सीडी४ चा आकडा ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू करावेत की तो उतरण्याची वाट पाहावी, याचा निकाल २०१५ मध्ये स्टार्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने लावला. लगेच औषधे घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू यांचे प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने निदान होताच प्रत्येकाला उपचार देण्याची शिफारस केली. दुसरा फायदा जोडीदाराचा. नियमित औषधांमुळे ज्यांच्या रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आहे, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. एकत्र राहणे, जेवणे, मिठी मारणे, भांडी किंवा स्वच्छतागृह वापरणे आणि डास चावणे यांतून हा संसर्ग मुळातच होत नाही, त्यामुळे घरात भावाचे ताट वेगळे करण्याचे काहीच कारण नाही.

मग औषधे काही वर्षांनी बंद का करता येत नाहीत, हाही प्रश्न तुम्हाला पुढे पडेल. वर सांगितल्याप्रमाणे विषाणूचे जनुक पेशीच्या डीएनएत जोडले जाते, आणि अशा काही पेशी दीर्घकाळ टिकणाऱ्या, विश्रांती घेत असलेल्या स्मृतिपेशी असतात. त्या विषाणू तयार करत नसल्यामुळे औषधांना तिथे करण्यासारखे काही नसते आणि प्रतिकारशक्तीलाही त्या ओळखू येत नाहीत. औषधे थांबवली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत दिसू लागतो. सीडी४ चा आकडा चांगला असताना औषधे थांबवायची आणि उतरला की पुन्हा सुरू करायची, हा प्रयोग स्मार्ट नावाच्या चाचणीत पाच हजारांहून अधिक लोकांवर करून पाहिला गेला. थांबवणाऱ्यांमध्ये आजार आणि मृत्यू जास्त दिसू लागल्याने त्या गटात औषधांतला खंड २००६ मध्ये बंद करावा लागला.

भावाच्या बाबतीत पहिला अहवाल वेगळ्या पद्धतीच्या चाचण्यांनी पक्का झाला आहे ना, हे आधी पाहा. त्यानंतर सीडी४, व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आणि क्षयाची तपासणी होईल. हेपटायटिस बी ची तपासणीही झाली आहे का, हे आवर्जून विचारा, कारण नेहमीच्या मिश्रणातले टेनोफोविर हे औषध त्या विषाणूवरही काम करते आणि तो संसर्ग असताना ते अचानक बंद केल्यास यकृताचा आजार उसळू शकतो. गोळ्या नियमित घेतल्या तर व्हायरल लोड सहसा सहा महिन्यांच्या आत न सापडण्याइतका खाली येतो; सीडी४ चा आकडा मात्र त्यामागून सावकाश, पुष्कळदा काही वर्षे घेत चढतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन अहवालांत तो फारसा हलला नाही तर औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढू नका.